देवाला भूक लागते का?

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, वार आणि त्याखाली सुविचार, अशी आमच्या शाळेची पद्धत होती. एका सोमवारी मी लिहिलं, ‘देव एकच आहे, त्याची नावे अनेक आहेत.’ सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा नुकताच उठला होता, पोरांच्या डोक्यातून पाळणे अजून उतरले नव्हते, आणि नववीच्या वर्गाला शांत बसवायला मला एखादं सोपं, गोड वाक्य हवं होतं. शनिवारी वह्या तपासायला घेतल्या. एका मुलीच्या वहीत तारीख होती, वार होता आणि खाली दोन बोटं जागा कोरी. बाकी वही इतकी नेटकी, की ही जागा चुकून राहिलेली नाही हे दिसतच होतं. तिला बोलावून विचारलं. ती म्हणाली, ‘‘बाई, आमच्या घरी देव नसतो. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावल्यात. मग मी एकच लिहू, का एकपण नाही लिहू?’’

मी म्हणाले, ‘‘असू दे गं, सुविचारच तर आहे.’’

हे उत्तर मला पुढं कित्येक वर्षं टोचत राहिलं. तिनं प्रश्न नीट विचारला होता. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्या लोकांना ज्या प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची आहे. ती त्या घरानं भिंतीवर लावली होती, आणि त्या घरातली चौदा वर्षांची मुलगी ती मनापासून पाळत होती. मी तिला सांगितलं, की तुझ्या घरच्यांनी इतकी किंमत मोजून जे घेतलं त्याला फार महत्त्व नाही, लिहून टाक. शब्द वेगळे होते, पण सांगितलं हेच.

आपल्या सोलापुरात ‘देव एकच’ हे वाक्य वर्षभर कानावर पडतं. गणपती आणि ईद जवळ आले की शांतता समितीच्या बैठकीत पडतं. मंडळांच्या फ्लेक्सवर असतं. स्नेहसंमेलनात चार पोरं चार वेशांत उभी राहून हेच म्हणतात. मी त्या वाक्याला नावं ठेवायला बसलेली नाही. एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी बोलणाऱ्या गावाला जवळ आणणारं काहीतरी लागतंच, आणि या वाक्यानं तापलेली डोकी थंड झालेली मी पाहिली आहेत. ते म्हणणाऱ्यांची नियतही बहुतेक वेळा चांगली असते. पण माझं ठाम मत आहे की आपण ज्या अर्थानं ते म्हणतो त्या अर्थानं ते खरं नाही, आणि ते खरं नसल्याचा भुर्दंड कुणालातरी गुपचूप भरावा लागतो.

आमच्या स्टाफरूममध्ये गणित शिकवणारे एक मुसलमान सर होते. शाळेच्या गणपतीचा प्रसाद आला की ते दोन्ही हातांनी घेत, कागदात नीट बांधत आणि जाताना शिपाईमामांच्या नातवासाठी देत. स्वतः खात नसत. वर्षानुवर्षं हे असंच चालायचं आणि कुणाच्या लक्षातही येत नसे. एकदा नव्यानं आलेल्या एका शिक्षकानं सगळ्यांसमोर विचारलं, ‘‘सर, देव एकच ना? मग प्रसादाला काय झालं?’’ खोलीत एकदम शांतता झाली. सरांनी कागदाची घडी घालता घालता उत्तर दिलं, ‘‘एकच आहे, म्हणून तर.’’

त्या ‘म्हणून तर’चा अर्थ उलगडायला मला वेळ लागला. तो लागला तेव्हा कळलं, की आम्ही दोघं एकच वाक्य म्हणत होतो आणि दोन उलट गोष्टी सांगत होतो. माझ्या घरी ‘देव एकच’ म्हणजे ज्या रूपात हाक माराल त्या रूपात तो येतो. मूर्ती त्याची, नदी त्याची, दारात आलेला जोगीही त्याचाच. सरांच्या घरी ‘देव एकच’ म्हणजे त्याला रूप नाही, जोडीदार नाही, त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही, आणि म्हणून त्याच्या नावानं दुसऱ्या कशापुढे ठेवलेलं अन्न घ्यायचं नाही. माझं ‘एक’ सगळ्यांना पोटात घेतं, त्यांचं ‘एक’ बाकी सगळ्यांना बाहेर ठेवतं. दोन्ही ‘एक’ मनापासूनचे आहेत. प्रसाद आनंदानं खाणारे मुसलमानही सोलापुरात पुष्कळ आहेत, आणि त्यांची श्रद्धा कमी आहे असं म्हणायचा मला काही अधिकार नाही. पण जो खात नाही, त्याच्यासमोर ‘देव एकच’ हे वाक्य परीक्षेसारखं धरायचं, याला सलोखा म्हणत नाहीत.

त्या दिवसापासून मी एक साधा प्रश्न मनाशी धरला. देव निर्गुण की सगुण, एक की अनेक, या मोठ्या शब्दांत आपण हरवून जातो. त्यापेक्षा विचारावं, की देवाला भूक लागते का? स्वयंपाकघरात उभं राहून विचारता येईल असा हा प्रश्न आहे, आणि वेगवेगळ्या धर्मांची उत्तरं इतकी वेगळी आहेत की ‘सगळे सारखंच सांगतात’ हे म्हणायची सोयच राहत नाही.

सुरुवात आपल्या ग्रामदैवतापासूनच करते. बाराव्या शतकातले सिद्धराम, आपले सिद्धेश्वर, लहानपणी अबोल होते. मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांचा हा मुलगा शेतात असताना एक जंगम आला, असं कथा सांगते. नाव मल्लय्या. त्यानं हुरडा मागितला. पोरानं कोवळी कणसं भाजून दिली. ती खाऊन जंगम म्हणाला, पोटात आग पडली, आता दहीभात आण. पोरगं घरी पळालं, दहीभात घेऊन परत आलं, तर बांधावर कुणीच नाही. ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारत ते यात्रेकरूंबरोबर श्रीशैलापर्यंत गेलं, लिंग दाखवलं तर म्हणालं हा माझा मल्लय्या नव्हे, आणि शेवटी कड्यावरून उडी टाकायला निघालं तेव्हा मल्लिकार्जुनानं हात धरला. ज्यानं आगटीजवळ बसून हुरडा खाल्लाय त्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. गरम हुरड्यावर दही हवंच असतं. इथला देव ज्वारीच्या रानात येतो, त्याला भूक लागते, आणि हुरडा जास्त झाला तर पोटात जळजळतंसुद्धा.

इथून सत्तरेक किलोमीटरवर पंढरपूर. तिथला देव पहाटे काकड्याला लोणी-साखर घेतो. आषाढीला गर्दी वाढली की त्याचा पलंग काढून ठेवतात. दिवसरात्र तो उभा राहतो, आणि वारी सरली की त्याची प्रक्षाळपूजा करून शिणवटा जावा म्हणून काढा देतात. देव थकतो! मला यात लाजण्यासारखं काही वाटत नाही. उलट यातच माझा जीव आहे. गीतेच्या नवव्या अध्यायात पान, फूल, फळ, पाणी भक्तीनं दिलं तर काय, याबद्दल जे म्हटलंय त्यात क्रियापद आहे ‘अश्नामि’. त्याचा सरळ अर्थ ‘मी खातो’.

आता सरांच्या घरचं उत्तर. कुराणातला 112 वा सूरा चार आयतींचा आहे, रोजच्या नमाजात कितीतरी वेळा म्हटला जातो. अल्लाह एक आहे, तो ‘समद’ आहे, त्याला कुणी जन्म दिला नाही आणि त्यानं कुणाला जन्म दिला नाही, त्याच्या बरोबरीचं कुणी नाही. ‘समद’ म्हणजे ज्याला कशाचीच गरज नाही आणि ज्याची सगळ्यांना गरज आहे असा. दुसऱ्या एका आयतीत त्याचं वर्णन आहे, जो सगळ्यांना खाऊ घालतो आणि ज्याला कुणी खाऊ घालत नाही. त्याला डुलकी लागत नाही, झोप येत नाही, जग सांभाळताना तो थकत नाही. कुर्बानीबद्दलही कुराण स्पष्ट सांगतं, मांस आणि रक्त त्याच्यापर्यंत पोचत नाही, पोचतं ते तुमचं मन. काढा घेणारा विठोबा आणि कधीच न थकणारा अल्लाह यांना ‘एकच’ म्हणणाऱ्यानं दोघांपैकी कुणाचंच नीट ऐकलेलं नसतं.

ख्रिस्ती उत्तर तिसरंच. तिथं देव माणूस झाला, आणि तो खरोखर माणूस झाला हे पटवायला भूक कामाला येते. क्रुसावर मरून परत उठल्यावर शिष्य घाबरले, भूत आहे की काय वाटलं, तेव्हा येशूनं विचारलं, खायला काही आहे का? भाजलेल्या माशाचा तुकडा दिला आणि त्यानं तो त्यांच्यासमोर खाल्ला. लूकच्या शुभवर्तमानात हे आहे. मुसलमानही येशूला, इसाला, मानतात, पण पैगंबर म्हणून. देवाचा पुत्र मात्र नाही. हा फरक शब्दांचा नाही, दोन्ही धर्मांच्या गाभ्यातला आहे, आणि तो लपवून दोघांचाही मान राखला जात नाही.

जैनांचं तर विचारूच नका, कारण त्यांनी हा प्रश्न खरोखरच शेकडो वर्षं चर्चिला आहे. जग निर्माण करणारा देव ते मानत नाहीत. पण ज्याला केवलज्ञान झालं, जो सर्वज्ञ झाला, तो देह असेपर्यंत जेवतो की नाही, यावर दिगंबर आणि श्वेतांबर यांच्यात जुना वाद आहे. दिगंबर म्हणतात जेवत नाही, श्वेतांबर म्हणतात जेवतो. जुने प्राकृत-संस्कृत जैन ग्रंथ शुद्ध करून छापणारी जीवराज जैन ग्रंथमाला सोलापूरची, पण आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक असतं? जैन म्हणजे कांदा-लसूण न खाणारे, इतक्यावर आपली ओळख थांबते.

शिखांकडे देव निराकार, अजन्मा. तरी गुरू ग्रंथसाहिबात आपल्या नामदेवांची 61 पदं आहेत, आणि त्यातल्या एकात नामदेव वाटीत दूध आणून देवाला पी म्हणतात आणि देव पितो. निराकाराच्या ग्रंथात दूध पिणारा देव! एका धर्माच्या आतसुद्धा उत्तर एकसुरी नसतं, ते असं.

इथवर मी फरकच मोजले. पण या प्रश्नाच्या मागे जाता जाता एक वळण असं आलं की मी थबकले.

सहीह मुस्लिम या हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, संग्रहात एक प्रसंग आहे. निवाड्याच्या दिवशी अल्लाह माणसाला म्हणेल, मी तुझ्याकडे अन्न मागितलं आणि तू दिलं नाहीस. माणूस गोंधळेल. तू तर साऱ्या जगाचा पालनकर्ता, तुला मी कसं खाऊ घालणार? तेव्हा उत्तर येईल, माझा अमका बंदा तुझ्याकडे मागायला आला होता, त्याला दिलं असतंस तर ते माझ्यापाशी सापडलं असतं. मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या निवाड्याच्या वेळी राजा म्हणतो, मी भुकेला होतो आणि तुम्ही मला खायला दिलं. कधी दिलं, असं विचारल्यावर म्हणतो, माझ्या या लहानातल्या लहान भावाला दिलंत तेव्हा मलाच दिलंत. आणि आपल्या बांधावर हुरडा मागणारा मल्लय्या आहेच.

बघा, सगळे एकच, असं म्हणायचा मोह इथं मलाही झाला. पण हळू वाचलं की दिसतं, इथंही तिघं तीन गोष्टी सांगताहेत. हदीसमधला अल्लाह स्वतः भुकेला नाही. भूक बंद्याची आहे, आणि माणसाची शंका योग्यच ठरते. मत्तयमधला राजा भुकेल्याला आपला भाऊ म्हणतो, त्याच्या जागी स्वतः उभा राहतो. मल्लय्या मात्र खरोखर खातो, हुरड्याचा तूस त्याच्या हाताला लागलेला असतो. तीन वाटांनी तिघं एका भुकेल्या माणसाच्या दारात येऊन पोचतात. वाटा एक झाल्या असं त्यामुळे होत नाही, आणि वाटा वेगळ्या म्हणून तो माणूस उपाशी राहावा असंही कुणी म्हणत नाही.

आणि त्याच दारात देवाचं नावही न घेता पोचणारा एक आहे. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे त्यावरच्या जुन्या टीकेत, आळवी या गावाची गोष्ट येते. बुद्ध तिथं उपदेशाला आले. एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. तो शोधून, दमून, उपाशीपोटी तो सभेत उशिरा पोचला. सगळे बसलेत, बुद्ध बोलायला सुरुवातच करेनात. आधी या माणसाला जेवू घाला म्हणाले. तो जेवला, मग धम्म सांगितला. भूक हा सगळ्यात मोठा रोग आहे, हे वचन त्या प्रसंगाचं. इथं कुणी निर्माता नाही, निवाड्याचा दिवस नाही, वेश पालटून आलेला कुणी नाही. भुकेला माणूस भुकेला आहे, एवढंच कारण पुरतं.

त्या मुलीच्या वहीतल्या दोन बोटं कोऱ्या जागेत लिहायला तिच्या घराकडे हे होतं. मी ते वाचलेलं नव्हतं, म्हणून मी तिला माझं वाक्य उतरवायला सांगत होते.

‘देव एकच’ म्हणणाऱ्या माझ्या स्नेह्यांचा एक आक्षेप रास्त आहे. ते म्हणतात, बाई, फरक उगाळायचं काम भांडणं लावणारे करतातच की, आपण आणखी कशाला? मला तो आक्षेप हलका वाटत नाही. पण भांडण लावणारा फरक सांगत नाही, तो दुसऱ्याबद्दल खोटं सांगतो, आणि ते खपतं कारण ऐकणाऱ्याला खरं माहीत नसतं. शेजारचा प्रसाद का खात नाही हे ज्याला माहीत आहे, त्याला ‘बघा, तो आपल्या देवाला तुच्छ मानतो’ असं कुणी पटवू शकत नाही. ज्याला ‘सगळं एकच’ इतकंच शिकवलंय, त्याला मात्र पहिल्याच नकारात अपमान दिसतो.

आणि श्रद्धेवर वाद घालणं ही आपल्याकडे बाहेरून आलेली गोष्ट आहे का? एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद सोळाव्या शतकातला. त्यात दोघं एकमेकांना अजिबात सोडत नाहीत, देवाधर्मावरून यथेच्छ बोलून घेतात, आणि शेवटी गळाभेट होते. भांडण टाळून झालेली ती गळाभेट नव्हे. आपल्या सिद्धरामांच्या चरित्रात तर वादाला मानाचं पान आहे. शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात कथा येते, की कन्नड संत अल्लमप्रभू सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात आले तेव्हा सिद्धराम तलाव खोदून घेत होते, देवळं बांधत होते. अल्लमप्रभूंनी तळी खोदणारा वड्डर म्हणून त्यांचा उल्लेख केला. चिडलेल्या शिष्यांनी त्यांच्यावर दगड उचलले. मग सिद्धराम आणि अल्लमप्रभू समोरासमोर बसले. देव बाहेरच्या बांधकामात की आत, यावर बोलणं झालं, आणि सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला, बसवण्णांच्या अनुभवमंटपाकडे, म्हणजे त्यांच्या चर्चासभेकडे, गेले. ज्या पाण्याच्या मधोमध आपण संक्रांतीला दिवे बघतो, त्या पाण्यावरच हा वाद झाला होता. तलाव राहिला आणि वादही राहिला, दोन्ही आपले आहेत. माझ्या शेजारच्या अक्का आजही सकाळी लिंगायतांच्या रीतीनं चांदीच्या डबीतलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात, विभूती लावतात आणि बराच वेळ त्याच्याकडे नुसतं बघत राहतात. त्याच अक्का नंदीध्वजांच्या मिरवणुकीत अनवाणी चालतात. देव तळहातावर की देवळात, याचा निकाल त्यांनी लावलेला नाही, आणि तो लावावा अशी घाईही त्यांना नाही.

हा प्रश्न देशापुढेही एकदा आला होता. 17 ऑक्टोबर 1949 ला संविधान सभेत एच. व्ही. कामत यांनी सुचवलं, की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. आसामचे रोहिणीकुमार चौधरी लगेच उठले, ईश्वरच का, देवी का नको, म्हणाले. ते शक्तीचे उपासक. हृदयनाथ कुंझरूंसारख्यांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं देव नाही असं नव्हतं, आपल्या सर्वात खासगी श्रद्धेची सक्ती दुसऱ्यावर नको असं होतं. मतदान झालं, बाजूनं 41, विरोधात 68. मला त्या 68 जणांविषयी फार आदर वाटतो. त्यातले बहुतेक घरी जाऊन देवासमोर दिवा लावणारे असतील. तरी एक देव सगळ्यांच्या तोंडी घालायचा नाही, इतकं भान त्यांनी राखलं. आज उद्देशिकेत ईश्वराचं नाव नाही; विश्वास, श्रद्धा व उपासना असे तीन शब्द आहेत. आमदार-खासदाराच्या शपथेतही ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’ हे दोन पर्याय शेजारी शेजारी छापलेले आहेत. माझ्या विद्यार्थिनीला मी दिली नाही ती दुसरी ओळ संविधानानं आधीच लिहून ठेवली होती.

मग शाळेनं काय करावं? माझं म्हणणं आहे, की ‘सर्व धर्म सारखेच’ हा धडा आता मागं ठेवावा आणि मुलांना आपल्या वर्गातल्या दहा घरांत काय मानतात हे नेमकं कळू द्यावं. यात अडचण कायद्याची नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं संविधानाचं 28 वं कलम सांगतं. पण धर्म शिकवणं वेगळं आणि धर्मांविषयी शिकवणं वेगळं, हे सर्वोच्च न्यायालयानं 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात मान्य केलेलं आहे. अडचण आपल्या भीतीची आहे. शिक्षकाला वाटतं एक शब्द इकडचा तिकडे झाला तर गेटवर माणसं येतील. ती भीती मी अंगावर घेतलेली आहे, त्यामुळे कुणाला भित्रा म्हणणार नाही. पण गल्लीतल्या बायांनी हे कधीच शिकून घेतलंय. ईदच्या दिवशी आमच्याकडे शेजारच्या मुसलमान घरातून शीरखुर्मा येतो. अक्कांच्या दारात मात्र कच्चा शिधा जातो. ताटात कोऱ्या शेवया, चारोळी, खारीक, साखर, दुधाची न फोडलेली पिशवी, वर क्रोशाचा रुमाल. त्या आपल्या भांड्यात शिजवून खातात. अक्का मांसाहारी घरात शिजलेलं खात नाहीत, हे त्या घराला माहीत आहे आणि त्याचा राग नाही. ‘देव एकच, मग आमच्या भांड्यातलं का नाही चालत?’ असं त्या ताटाबरोबर कुणी विचारत नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी नववीच्या फळ्यावर सुविचाराच्या जागी प्रश्न लिहिला, ‘देवाला भूक लागते का?’ आणि सांगितलं, घरी विचारून या, घरात देव नसेल तर तेही लिहा, ज्यानं सांगितलं त्याचं नातं लिहा. वह्या आल्या. एकाच्या आजीनं लिहायला सांगितलं होतं, की नैवेद्य दाखवून पाठ फिरवायची, कुणी बघत असलं की देव जेवत नाही. एका जैन मुलानं दोन उत्तरं आणली होती, एक आईचं आणि एक मामीचं. साखर पेठेतल्या एका पद्मशाली मुलीच्या आजोबांचं म्हणणं, की देवाला भुकेआधी कापड लागतं. देवांसाठी पहिलं वस्त्र कमळाच्या धाग्यातून भावनाऋषींनी विणलं, ही त्यांच्या समाजाची कथा. ती वाचून मी स्वतःशीच कितीतरी वेळ बसले, कारण विणकराच्या घरात देवाची पहिली गरज वेगळी असणार, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

आठवड्यानं एक पालक आले. मागावर काम करणारे, दुपारची पाळी टाकून आले होते. चेहऱ्यावर राग होता. शाळेत पोरांना असलं काय विचारता म्हणाले, आमच्यात अल्लाहबद्दल असा प्रश्न करत नाहीत. मी त्यांना बसायला खुर्ची दिली. त्यांनी घेतली नाही. उभ्यानंच विचारलं, ‘‘तुम्हीच सांगा बाई, लागते का?’’

‘‘मला वाटतं, लागते,’’ मी म्हणाले. ‘‘मी रोज नैवेद्य दाखवते. तुमच्या मुलाला वाटतं, नाही लागत. त्यानं का ते लिहून दिलंय.’’

मी कपाटातून वही काढून दिली. सात-आठ ओळी होत्या, पेन्सिलीनं लिहिलेल्या, ‘समद’ हा शब्द दोनदा खोडून नीट केलेला. खाली लिहिलं होतं, सांगणारी व्यक्ती, दादी. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरून वाचली, मग खुर्ची ओढून बसले आणि पहिल्यापासून पुन्हा वाचायला लागले.